देखरेख करणार कोण?

मंडळी, या अंकासाठी दरवर्षी माझ्याकडून काहीतरी हलकंफुलकं मागवलं जातं. कधी बार्बेक्यूवर भाजलेली भरताची वांगी, कधी सासूबाईंचा पहिला विमानप्रवास. यंदाही संपादकांचा फोन आला तेव्हा मी "देतो की!" म्हणून मोकळा झालो होतो. पण आपल्या गणपतीत, महाप्रसादाच्या वेळी, हॉलच्या मागच्या टेबलावर जो वाद झाला तो काही डोक्यातून जाईना. तेव्हा यंदा खुसखुशीत काही नाही. रागवायचं त्यांनी खुशाल रागवावं.

वाद असा होता. एका काकांची पुतणी नाशिकहून इकडे आली आहे. एम.बी.बी.एस., स्वतःचा नऊ वर्षांचा दवाखाना. ऑस्ट्रेलियन मेडिकल कौन्सिलची पहिली, म्हणजे संगणकावरची परीक्षा ती पास झाली आणि न्यू साउथ वेल्समध्ये, सिडनीपासून बऱ्याच आत, एका गावात तिला नोकरी मिळते आहे. पण नोंदणी मिळणार ती 'लिमिटेड', आणि तीही दुसऱ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली. काका खवळले होते. "नऊ वर्षं दवाखाना चालवलेल्या मुलीनं आता दुसऱ्याला विचारून पॅनाडॉल लिहून द्यायची? शुद्ध वर्णद्वेष आहे हा!" समोर बसलेले गृहस्थ माझ्यासारखेच आयटीतले. ते शांतपणे श्रीखंड संपवत म्हणाले, "नियम म्हणजे नियम. नको असेल तर येऊ नये. आम्ही नाही का सुरुवातीला रात्रीचे पेट्रोल पंप सांभाळले?" यावर दोन-तीन माना डोलल्या.

मला दोघांचंही पटलं नाही, आणि दोघांनाही ते तिथे नीट सांगता आलं नाही. म्हणून हा लेख.

आधी ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इथे डॉक्टरांची नोंदणी पूर्वी प्रत्येक राज्याचं बोर्ड करायचं, जुलै २०१० पासून ती देशभरासाठी एकच, मेडिकल बोर्ड ऑफ ऑस्ट्रेलियाकडे आली. आपल्याकडून आलेला डॉक्टर बहुधा 'स्टँडर्ड पाथवे'ने जातो: आधी कौन्सिलची पहिली परीक्षा, मग रुग्ण तपासण्याची, म्हणजे क्लिनिकल परीक्षा. दुसरी परीक्षा होण्याआधीच, जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा 'एरिया ऑफ नीड' ठरवलेल्या जागी, मर्यादित नोंदणीवर काम करता येतं. ही नोंदणी एका वर्षाची असते आणि तीन वेळा नूतनीकरण होऊ शकतं. ती त्या एका जागेपुरती, त्या एका मालकापुरती असते. आणि तिच्यासोबत देखरेखीच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर सुपरवायझर दवाखान्यात हजर असलाच पाहिजे आणि प्रत्येक रुग्णाबद्दल त्याच्याशी बोलल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवायचं नाही. दुसरीवर तो बहुतेक वेळ हजर हवा. तिसरीवर फोनवर मिळाला तरी चालतो. चौथ्या पायरीवर जबाबदारी पूर्ण तुमची, त्याची नजर तेवढी असते. दर थोड्या काळाने सुपरवायझरनं बोर्डाला अहवाल पाठवायचा.

कागदावर वाचलंत तर यात वावगं काही नाही. मी तर म्हणतो, उत्तम आहे.

काकांना हेच पटत नव्हतं. पण विचार करा. नाशिकला ती मुलगी डेंग्यू, टायफॉइड, क्षयरोग डोळे झाकून ओळखत असेल. पाठीवरचा एक काळपट डाग बघून "हा मेलानोमा असू शकतो" अशी शंका येण्यासारखे रुग्ण तिनं नऊ वर्षांत किती पाहिले असतील? इथे गावच्या डॉक्टरच्या टेबलासमोर ती गोष्ट नेहमीची. सलग दोन वर्षं पाऊस न पडल्यावर "झोप येत नाही" एवढंच सांगणारा, आणि पुढे काही न बोलणारा शेतकरी. दहा वर्षं पाठदुखीसाठी अफूजन्य गोळ्या घेणारा ट्रक ड्रायव्हर, ज्याला गोळी लिहून देण्याआधी व्हिक्टोरियात एप्रिल २०२० पासून 'सेफस्क्रिप्ट' ही यंत्रणा तपासणं बंधनकारक आहे. आदिवासी कुटुंबांशी बोलण्याची रीत. सोळा वर्षांच्या मुलीनं आईला न सांगता भेटायला येणं. हे काही हुशारीचे प्रश्न नाहीत, हा देश आणि त्याची माणसं ओळखण्याचे आहेत, आणि ते शेजारच्या खोलीत कुणीतरी असल्याशिवाय शिकता येत नाहीत.

शिवाय वर्णद्वेष म्हणायच्या आधी घरी काय चालतं तेही बघावं. रशिया, चीन, युक्रेनमध्ये शिकून आलेल्या आपल्याच मुलांना भारतात प्रॅक्टिस करायची तर आधी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात बसणारी बहुसंख्य मुलं नापास होतात, आणि पास झाल्यावरही इंटर्नशिप चुकत नाही. तेव्हा आपण कुणी 'द्वेष' म्हणत नाही, 'दर्जा' म्हणतो.

तर देखरेख हवी, याबद्दल माझं दुमत नाही. माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. ते सांगण्यासाठी एका वहिनींची गोष्ट सांगावी लागेल. त्यांची परवानगी घेतली आहे. गावाचं नाव लिहायचं नाही आणि दवाखान्याचंही नाही, एवढीच त्यांची अट.

वहिनी म्हणजे माझ्या पहिल्या नोकरीतल्या मित्राची बायको. मिरजेच्या सरकारी कॉलेजच्या, पुढे इस्लामपूरजवळ अकरा वर्षं प्रॅक्टिस. मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून इकडे आल्या आणि व्हिक्टोरियाच्या वायव्येला, गव्हाच्या पट्ट्यातल्या एका गावात त्यांना मर्यादित नोंदणीवर काम मिळालं. मित्र मेलबर्नला, मुलं मेलबर्नला, वहिनी एकट्या तिकडे. दर शुक्रवारी रात्री गाडी हाणत यायच्या, रविवारी दुपारी डबे भरून परत. आम्ही त्यांना चेष्टेनं 'मुंबई-मिरज महालक्ष्मी' म्हणायचो.

त्यांचे सुपरवायझर म्हणजे गावातले एकुलते एक डॉक्टर, वय बहात्तर, दवाखान्याचे मालकही तेच. माणूस चांगला. वहिनींना "तुझे निदान माझ्यापेक्षा चांगलं आहे" असं तोंडावर सांगणारा. पण त्यांना निवृत्त व्हायचं होतं, गेली आठ वर्षं व्हायचं होतं, आणि बदली डॉक्टर मिळत नव्हता म्हणून ते टिकून होते. वहिनींना शिकवायला, त्यांच्या केसेस बघायला, अहवाल लिहायला त्यांना वेगळा एक डॉलरही मिळत नव्हता. उलट वहिनींशी बोलण्यात जाणारा अर्धा तास म्हणजे त्यांचे स्वतःचे दोन रुग्ण कमी. तरीही त्यांनी तो दिला. कधी जेवणाच्या सुट्टीत, कधी दवाखाना बंद झाल्यावर, अंगणात उभं राहून.

२०१७ च्या हिवाळ्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. हेलिकॉप्टरनं मेलबर्नला नेलं. वाचले, पण पुन्हा कामावर आले नाहीत.

आणि त्या दिवशी वहिनींचं कामही थांबलं. सुपरवायझर नाही म्हणजे नोंदणीची अट पुरी होत नाही, अट पुरी होत नाही म्हणजे रुग्ण तपासायचा नाही. नवा सुपरवायझर शोधायचा, त्याची संमती, त्याची माहिती, देखरेखीची नवी योजना, हे सगळं बोर्डाकडे पाठवायचं, मंजुरीची वाट बघायची. सगळ्यात जवळचा योग्य डॉक्टर सव्वा तासावरच्या गावात, आणि त्याच्या हाताखाली आधीच बाहेरून आलेले डॉक्टर होते. सात आठवडे गेले. सात आठवडे त्या गावात डॉक्टर घरात बसून होत्या आणि गावाला डॉक्टर नव्हता.

"भाऊजी, शंकरपाळे केले हो मी," त्या मला नंतर सांगत होत्या. "आयुष्यात एवढे शंकरपाळे केले नाहीत. समोरच्या घरातले म्हातारे आजोबा पायाची जखम दाखवायला यायचे माझ्याकडे, दर दोन दिवसांनी ड्रेसिंग असायचं त्यांचं. ते फाटकाशी आले. मी म्हटलं, मला आता बघता येत नाही, तुम्हाला मोठ्या गावात जावं लागेल. ते म्हणाले, बाई, तू अजून डॉक्टर आहेस ना? मला काय उत्तर द्यावं कळेना."

आजोबा गाडी चालवत नव्हते. वहिनींनी त्यांना स्वतःच्या गाडीतून, सव्वा तास, दोनदा नेऊन आणलं. ड्रायव्हर म्हणून.

आता मला सांगा, यात चूक कुणाची? बोर्डाच्या त्या कारकुनाची? त्यानं नियम पाळला. वहिनींची? त्या म्हाताऱ्या डॉक्टरांची? नियम म्हणतो की ज्या डॉक्टरला देखरेखीची गरज आहे त्याला देखरेख द्या. दुसरा नियम म्हणतो की त्याला तिथेच पाठवा जिथे डॉक्टर नाहीत. मग देखरेख करणारे कुठून येणार? जिथे डॉक्टर नाहीत तिथे देखरेख करणारे डॉक्टरही नाहीत, हे समजायला काही पीएच.डी. लागत नाही. पण हे दोन नियम दोन वेगळ्या टेबलांवर लिहिले गेले आणि त्यांच्यामधल्या फटीत माणसं पडली.

आमच्या धंद्यात याची सवय आहे. नवीन आलेल्या पोराला आम्ही पहिल्या दिवशी प्रॉडक्शनच्या सर्व्हरला हात लावू देत नाही. त्यानं लिहिलेला कोड दुसरा कुणीतरी वाचतो, मगच पुढे जातो. कुणी त्याला अपमान समजत नाही. पण कुठल्याही शहाण्या मॅनेजरनं असं केलेलं मी पाहिलं नाही की नव्या पोराला दूरच्या एका रिकाम्या ऑफिसात एकट्याला बसवायचं, कोड तपासणाऱ्याची नेमणूक करायची नाही, आणि वर म्हणायचं की तपासून घेतल्याशिवाय काही करायचं नाही हं! माझं स्वतःचं सांगतो. २००३ साली मास्टर्सला आलो, पुढे ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटीकडे कागद पाठवले, काही आठवड्यांत पात्रतेचं पत्र आलं. संपलं! माझ्यावर कुणी पायऱ्या लावल्या नाहीत. एकदा माझ्या एका चुकीमुळे एका कंपनीच्या शेकडो लोकांचे पगार दोन दिवस उशिरा झाले, आणि मला शिक्षा काय, तर सगळ्या टीमला केक खिलवायचा. डॉक्टरांचं तसं चालणार नाही, मान्य. पण म्हणूनच श्रीखंड खाता खाता "नियम म्हणजे नियम" म्हणायचा हक्क आम्हा आयटीवाल्यांना सगळ्यात कमी आहे.

आता तुम्ही म्हणाल, बंडाबर्ग विसरलात का? नाही विसरलो. उलट या विषयावर बोलताना बंडाबर्ग सगळ्यात आधी काढलं पाहिजे, कारण त्याचा धडा आपण सगळ्यांनी उलटा घेतला.

तेव्हा जे इथे नव्हते त्यांच्यासाठी: क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्ग बेस हॉस्पिटलमध्ये २००३ साली डॉ. जयंत पटेल नावाचे सर्जन 'एरिया ऑफ नीड' नोंदणीवर रुजू झाले. अमेरिकेत ओरेगॉन राज्याच्या बोर्डानं २००० साली त्यांच्या काही शस्त्रक्रियांवर निर्बंध घातले होते, न्यूयॉर्कचं लायसन्स त्यांनी २००१ साली परत केलेलं होतं. हे त्यांनी दडवलं. पण दडवलेलं सापडण्यासारखं होतं. ओरेगॉनच्या प्रमाणपत्रातच सोबतच्या आदेशाचा उल्लेख होता, तो आदेश जोडलेला नव्हता, आणि क्वीन्सलँडच्या बोर्डात कुणी विचारलं नाही की जोडपत्र कुठे आहे. पुढे तर कहर झाला. ज्या माणसाच्या कामावर कुणीतरी नजर ठेवायला हवी होती त्यालाच हॉस्पिटलनं शस्त्रक्रिया विभागाचा प्रमुख केलं! आयसीयूच्या प्रमुख परिचारिका टोनी हॉफमन तक्रारी करत राहिल्या, वरचे ऐकेनात, शेवटी मार्च २००५ मध्ये प्रकरण एका आमदारामार्फत राज्याच्या संसदेत गेलं तेव्हा वाचा फुटली. निवृत्त न्यायमूर्ती जेफ्री डेव्हिस यांच्या चौकशी आयोगानं त्याच वर्षी अहवाल दिला. मनुष्यवधाबद्दल २०१० साली झालेली शिक्षा हायकोर्टानं, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयानं, २०१२ साली रद्द केली. नोंदणी आणि नोकरी मिळवताना केलेल्या फसवणुकीचे गुन्हे मात्र पटेल यांनी २०१३ साली कबूल केले.

वर्तमानपत्रांनी यातून काय लक्षात ठेवलं? 'भारतीय डॉक्टर'. खरं तर पटेल यांची मूळ पदवी जामनगरची असली तरी पुढची जवळजवळ सगळी कारकीर्द अमेरिकेत झाली होती. आणि अमेरिका आज कुठल्या यादीत आहे? 'कॉम्पिटंट अथॉरिटी'च्या, म्हणजे ज्या देशांच्या प्रशिक्षणावर इथलं बोर्ड विश्वास ठेवतं आणि कौन्सिलच्या परीक्षा माफ करतं त्या देशांच्या! ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिका. म्हणजे बंडाबर्गला चुकलं ते पदवीच्या गावात नव्हतं. चुकलं ते दोन ठिकाणी: कागद तपासणारा झोपला होता, आणि देखरेख करणारा नव्हताच. नर्सला सगळं दिसत होतं, पण तिचं ऐकून घेणारा अधिकारी नव्हता.

तिथून धडा घ्यायचा होता तो हा की डॉक्टरांची टंचाई आहे म्हणून देखरेखीत सूट देऊ नका, देखरेखीवर पैसा आणि माणसं घाला. घेतला गेला तो असा, की फॉर्म वाढवा. कागद तपासणारा जागा झाला, हे चांगलंच झालं. आता तर तो झोपतच नाही. पण दुसरी खुर्ची अजून बऱ्याच गावांत रिकामीच आहे. मार्च २०१२ मध्ये केंद्रीय संसदेच्या आरोग्य समितीनं परदेशात शिकलेल्या डॉक्टरांच्या नोंदणीवर जो अहवाल दिला त्याचं नाव होतं 'लॉस्ट इन द लॅबिरिंथ', भूलभुलैयात हरवलेले. पंचेचाळीस शिफारशी होत्या त्यात. वहिनींचे सात आठवडे त्यानंतर पाच वर्षांनी आले.

अलीकडे काहीच झालं नाही असं नाही. रॉबिन क्रुक यांनी २०२३ साली नोंदणीची सगळी व्यवस्था तपासली, आणि ऑक्टोबर २०२४ पासून जनरल प्रॅक्टिसच्या तज्ज्ञांसाठी 'एक्सपेडायटेड', म्हणजे जलद मार्ग सुरू झाला. मी आनंदानं वाचायला घेतलं. सुरुवातीच्या यादीत देश कोणते? ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड. या मार्गानं आलेल्या डॉक्टरांनाही सुरुवातीचे सहा महिने देखरेखीखालीच काढावे लागतात, आणि ते योग्यच आहे. ज्यांच्याशी तुमची व्यवस्था मिळतीजुळती आहे त्यांना आधी घ्या, याला माझी हरकत नाही. पण नकाशावर गव्हाच्या पट्ट्यातल्या, खाणींच्या, मेंढपाळांच्या गावांत जाऊन बघा, डॉक्टरांच्या दारावरच्या पाट्या वाचा. देशातल्या दर तीन डॉक्टरांमागे साधारण एक परदेशात शिकलेला आहे, आणि शहरापासून जितकं लांब जाल तितकं हे प्रमाण वाढतं. त्या पाट्यांवर आपली, श्रीलंकेची, पाकिस्तानची, नायजेरियाची, इजिप्तची नावं आहेत. गाव ज्यांच्यावर उभं आहे त्यांचा रस्ता भूलभुलैयातूनच, आणि जलद मार्ग दुसऱ्यांना, हे काही बरोबर दिसत नाही.

आता काकांच्या पुतणीच्या पुढे काय वाढून ठेवलंय तेही सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना नोंदणी आणि मेडिकेअर यातला फरकच माहीत नसतो. दोन्ही परीक्षा पास झाली, देखरेख संपली, पूर्ण नोंदणी मिळाली, तरी सुटका नाही. हेल्थ इन्शुरन्स कायद्याचं १९एबी कलम १ जानेवारी १९९७ पासून सांगतं की परदेशात शिकलेल्या डॉक्टरच्या रुग्णाला मेडिकेअरचे पैसे मिळायचे असतील तर त्या डॉक्टरनं दहा वर्षं टंचाईच्या भागातच काम केलं पाहिजे. फार दुर्गम जागी गेलात तर मुदत घटते, एवढंच. म्हणजे पहिल्या तीन-चार वर्षांत "तुझ्यावर आमचा भरवसा नाही, म्हणून तुझ्यावर नजर हवी," आणि नंतर "तुझ्यावर भरवसा आहे, म्हणून तूच तिथे राहा." शहरातल्या माणसाच्या पोटावरून हात फिरवायला जो डॉक्टर चालत नाही तो गावातल्या माणसाला का चालतो, हे मला अजून कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

महाराष्ट्रातून आलेल्यांना तरी हे नवं वाटू नये. सरकारी कॉलेजातून एम.बी.बी.एस. झालं की एक वर्ष ग्रामीण सेवेचा बाँड. चोवीस वर्षांचं पोर इंटर्नशिप संपवून एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटं जातं, रात्री साप चावलेला माणूस येतो आणि फोनला रेंज नसते. गावात डॉक्टर पाठवला की गावाचं काम झालं, ही समजूत दोन्हीकडच्या सरकारांची सारखीच. पाठवलेल्याच्या पाठीशी कोण उभं आहे, हे कुणी मोजत नाही, कारण ते मोजायला गेलं तर खर्च दिसतो.

मग करायचं काय? यातलं अवघड म्हणावं असं काही नाही, आणि बरंचसं कुठे ना कुठे चालू आहे. देखरेख हे काम आहे, तर त्याचे पैसे द्या. आठवड्यातले अमुक तास सुपरवायझर रुग्ण न बघता नव्या डॉक्टरसोबत बसेल आणि त्या तासांची भरपाई सरकार करेल. प्रत्येक मर्यादित नोंदणीसोबत पहिल्याच दिवसापासून दुसरा, राखीव सुपरवायझर मंजूर करून ठेवा. म्हणजे एकाच्या हृदयावर अख्ख्या गावाचं आरोग्य अवलंबून राहणार नाही. पहिल्या काही महिन्यांसाठी डॉक्टरला मोठ्या प्रादेशिक रुग्णालयात ठेवा, जिथे शेजारच्या खोलीत खरंच कुणी असतं, आणि मग गावात पाठवा. आणि गावात गेल्यावर व्हिडिओवरची देखरेख धरा. रिमोट व्होकेशनल ट्रेनिंग स्कीम ही योजना गेली वीस वर्षांहून अधिक काळ दुर्गम गावांतल्या डॉक्टरांना नेमकं हेच करून जनरल प्रॅक्टिसचं प्रशिक्षण देते आहे. न्यू साउथ वेल्समध्ये हंटर न्यू इंग्लंडच्या आरोग्य सेवेनं २०१० च्या सुमारास 'वर्कप्लेस बेस्ड असेसमेंट' सुरू केलं: एका दिवसाच्या क्लिनिकल परीक्षेऐवजी काही महिने प्रत्यक्ष कामावर, खऱ्या रुग्णांसमोर, वेगवेगळ्या ज्येष्ठ डॉक्टरांनी पारख करायची. परीक्षेच्या दिवशी ताप आला म्हणून नापास होणं नाही, आणि घोकंपट्टीवर पास होणंही नाही. मी रुग्ण असतो तर मला असाच पारखलेला डॉक्टर हवा असता. मग हे सगळीकडे का नाही? कारण त्याला माणसं लागतात. परत तिथेच येतो आपण.

एक मुद्दा जरा नाजूक आहे. सुपरवायझर आणि दवाखान्याचा मालक एकच असू नये. वहिनींचे डॉक्टर देवमाणूस होते, पण सगळेच तसे नसतात. ज्याच्या अहवालावर तुमची नोंदणी, ज्याच्या पत्रावर तुमचा व्हिसा आणि ज्याच्या सहीवर तुमचा पगार, त्याला "मला आठवड्याला साठ तास झेपत नाहीत" हे कोण सांगेल? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे "तुमची ही जुनी पद्धत रुग्णाला धोकादायक आहे" हे कोण सांगेल? नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर शोधायला जुलै २०२४ पासून साठ दिवसांऐवजी एकशेऐंशी दिवस मिळतात, ही मोठी सुधारणा झाली. पण अहवालाची तलवार टांगलेलीच आहे. बंडाबर्गला हॉफमनबाईंचं ऐकलं गेलं नाही. त्या कायम नोकरीतल्या, इथल्या नागरिक होत्या. व्हिसावरच्या डॉक्टरचं तर विचारायलाच नको.

आणि आता आपल्याबद्दल. पंगतीत काका आणि ते गृहस्थ भांडत होते तेव्हा वहिनी त्याच हॉलमध्ये होत्या. वाढायला उभ्या होत्या, वरणाचं पातेलं घेऊन. आज त्या कॉलेजच्या फेलो आहेत, जिलाँगच्या अलीकडे त्यांचा दवाखाना आहे, आणि आठवड्यातले दोन दिवस त्या व्हिडिओवरून आणि महिन्यातून एकदा स्वतः जाऊन, बाहेरून आलेल्या एका तरुण डॉक्टरला शिकवतात. त्यांना कुणी काही विचारलं नाही. आपण डॉक्टरांना मंडळात कशासाठी बोलावतो? मधुमेहावर व्याख्यान द्यायला, आणि आईवडील भारतातून आले की रविवारी फोनवर फुकट सल्ला द्यायला. त्यांनी गावात काढलेल्या वर्षांबद्दल आपण म्हणतो, "गेले की ते, आता सेटल झाले." मीही म्हणत होतो. ते सात आठवडे चालू होते तेव्हा मी वहिनींना एकदाही फोन केला नव्हता. शंकरपाळ्यांचं मला कळलं ते दिवाळीत, त्यांनी पाठवलेला डबा संपवल्यावर.

म्हणून पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. आपल्या मंडळानं आपल्या भागातल्या खासदारांना आणि राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना लेखी निवेदन द्यावं. परीक्षा सोप्या करा असं त्यात एका शब्दानंही म्हणायचं नाही. मागायच्या त्या तीनच गोष्टी: देखरेखीच्या तासांचे पैसे, राखीव सुपरवायझर, आणि मालक-सुपरवायझर वेगळे. दुसरं, मंडळातल्या ज्या डॉक्टरांची देखरेख करण्याइतकी ज्येष्ठता झाली आहे त्यांची एक यादी करावी. फोनवरून, व्हिडिओवरून ज्यांना वेळ देता येईल त्यांनी नावं द्यावीत, म्हणजे काकांच्या पुतणीसारख्यांना पहिल्या दिवशी निदान एक नंबर तरी देता येईल. यादी ठेवायचं, तिची वेबसाइट वगैरे करायचं काम आम्ही आयटीवाले करू. तेवढं आम्हाला कुणाच्या देखरेखीशिवाय जमतं, असा आमचा समज आहे.

वहिनींनी यादीत पहिलं नाव दिलं आहे. निवेदनाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे, सभेच्या आधी ज्यांना वाचायचा असेल त्यांनी सेक्रेटरींकडे मागावा. ठरावाला सूचक मी आहे. अनुमोदक म्हणून मी काकांना विचारलं आहे, त्यांचं उत्तर अजून यायचं आहे.